एका झाडाच्या बारा पुड्या

बारा पुड्यांमधलं बी एकाच झाडाचं आहे, ही गोष्ट त्या चार मजली इमारतीत एकट्या धाकटीला ठाऊक होती, आणि चपलेत शिरलेल्या खड्यासारखी ती तिला धड चालू देत नव्हती.

धाकटी म्हणजे वयाने धाकटी नव्हे. सत्तावन्न सरून अठ्ठावन्नावं लागलं होतं, गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर दर वर्षी एक पायरी चढत होता. पण थोरली बहीण, अक्का, अजून तिला धाकटीच म्हणे, तेव्हा आपणही तसंच म्हणू. प्रयोगशाळेत तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे चिमटामावशी. ते नाव तिच्या कानावर आलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. एकतीस वर्षं उजव्या हाताच्या दोन बोटांत चिमटा धरून ती भिंगाखाली कळ्या उघडत आली होती. कळी उघडायची, आत काय काय आहे ते मोजायचं, रजिस्टरात लिहायचं. दिवसाला शंभर फुलं, कधी दीडशे. घरी आल्यावर डोळे मिटले तरी पाकळ्या थांबत नसत. अक्का म्हणे, चादरीवरची फुलं मोजत बसू नकोस, परवाच मोजलीस, तेवढीच आहेत.

रोप होतं मोहरीच्या कुळातलं, पण मोहरीनेही ओळख दाखवू नये इतकं बारकं. बुडाशी पानांची चकती, वीतभर काडी, आणि शेंड्याला मुंगीने छत्री म्हणून धरावीत एवढी पांढरी फुलं. बी म्हणजे तर तपकिरीची चिमूट. चुकून शिंक आली तर एक आख्खी पिढी उडून जायची. तळमजल्यावरच्या वाढखोलीत, पांढऱ्या दिव्यांच्या उजेडात, लोखंडी टेबलांवर अशा रोपांचे ट्रे ओळीने मांडलेले असत. पंखे घुमत, नळ्या ठिबकत, आणि बाहेर ऊन आहे की सावली, ते आत कुणाला कळत नसे.

ही वाढखोली ज्यांनी उभी केली ते मोठे सर आता हयात नव्हते. बावीस वर्षांपूर्वी त्यांना हजारो रोपांत एक निराळं फूल दिसलं होतं. त्यात केसर नव्हते, मधली शेंग नव्हती. पाकळ्यांच्या आत पाकळ्या, फुलाच्या आत फूल, आणि त्याच्याही आत आणखी एक. सरांनी तिला सोप्या शब्दांत सांगितलं होतं. कळीच्या पोटात एक जनुक असतं, ते वेळ आली की सांगतं, पाकळ्या पुरे, आता केसर कर, आता शेंग कर, आता थांब. या फुलात ते जनुक मोडलेलं होतं. थांब म्हणणारं कुणी नाही, म्हणून बिचारं पाकळ्यांवर पाकळ्या करत बसे, दमून सुकेपर्यंत.

रूप असं, पण वंश नाही. शेंगच नाही तर बी कुठलं? हे दुहेरी फुलाचं वाण राखायचं तर ते त्याच्या साध्या भावंडांकडूनच. साध्या दिसणाऱ्या रोपाच्या पोटात एक जनुक मोडकं आणि एक धड असं असलं, तर त्याचं बी पेरल्यावर चारांत एक दुहेरी निघतं. गोम एवढीच, की साध्यांतही तिघांतली दोघंच अशी असतात. तिसरं नुसतंच साधं, त्याच्या पोटात काही नाही. आणि तोंडावरून ओळखायची सोय नाही. म्हणून सरांनी नियम घालून दिला होता. दर पिढीला बारा साध्या रोपांचं बी धरायचं, बारा वेगळ्या पुड्यांत, बारा वेगळे नंबर घालून. बारांतली सातआठ तरी वाण पुढे नेतातच. पुढे पानाचा तुकडा तपासून पोटातलं जनुक वाचायची सोय झाली, पण बाराची रीत पडली ती पडली.

अक्काने हे सगळं फार वर्षांपूर्वी ऐकलं होतं, शिवणयंत्राचा पाय थांबवून, आणि पुन्हा पाय चालवत दोन ओळी जुळवल्या होत्या:

भरलं गं बाई फूल, त्याला रूपाची नवलाई,
साध्या गं फुलापाशी पुढल्या सालाची पुण्याई.

सरांना त्या इतक्या आवडल्या की त्यांनी त्या वाढखोलीच्या दारावर चिकटवल्या. पुढे दार रंगवलं तेव्हा त्या गेल्या.

सात महिन्यांपूर्वी अक्का न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. नेमकं त्याच आठवड्यात वाणाच्या शेंगा पिकल्या होत्या, आणि शेंगा काही कुणाच्या खुब्यासाठी थांबत नाहीत. दोन दिवस उशीर झाला की तडकून बी खाली. धाकटी सकाळी दवाखान्यात, दुपारी वाढखोलीत, संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी ती कागद अंथरून बी झाडायला बसली. पहिलंच रोप शेंगांनी लगडलेलं, चांगलं दणकट. त्याचं बी झाडून होतंय तोवर दवाखान्यातून फोन आला, शस्त्रक्रिया आजच आहे, सही करायला या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ट्रे रोपं मारण्यासाठी वाफेच्या भट्टीत जायचे होते, तो तिथला नियम, बदललेल्या जनुकाचं रोप बाहेर जाता कामा नये. एका रोपाचं बी कागदावर होतं. पुड्या बारा होत्या, नंबर घालून तयार. तिने ते बी बारा पुड्यांत वाटलं.

पुढल्या पिढीला नीट करू, असं तिने स्वतःला सांगितलं. एकच असलं म्हणून काय झालं, तिघांत दोघं तर पोटात घेऊनच असतात. पण जे रोप तिने धरलं ते तिघांतलं तिसरं होतं, नुसतंच साधं.

हे तिला कळलं चार महिन्यांनी. वरच्या मजल्यावरची संशोधक मुलगी, जिला सगळे भिरभिरी म्हणत, कारण ती जिन्यावरून उतरते की पडते ते शेवटच्या पायरीपर्यंत समजत नसे, तिने पुड्या पेरायला काढल्या. तिला दुहेरी कळ्या हव्या होत्या. त्या गोठवायच्या, खलात कुटायच्या, आणि थांब म्हणणारं ते जनुक मोडलं की कळीतली कोणती प्रथिनं बिघडतात ते मोजायचं, असं तिचं काम. आधीच्या पिढीचं बी तिने यातच संपवलं होतं. पहिल्या पुडीची शहाण्णव रोपं फुलली. धाकटी भिंगाखाली एकेक फूल बघत गेली. साधं, साधं, साधं. विसाव्या रोपालाच तिला कळून चुकलं होतं, तरी तिने शहाण्णवही पाहिली. हातांना सवय होती, आणि थांबली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

ती बोलली नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या दोन पुड्या फ्रिजच्या तळाशी होत्या, त्या तिने गुपचूप पेरून पाहिल्या. कागदाला ओल लागलेली. एक कोंब आला नाही. मग भिरभिरीने दुसरी पुडी पेरली, तिसरी पेरली, मग बाकीच्या नऊ एकदमच. शून्य, शून्य, शून्य. धाकटी वाट बघत होती की पोरगी आता रागावेल, आता विचारेल. झालं भलतंच. भिरभिरीने रोपांची पानं तपासली, तर प्रत्येकात जनुक धड. बाराच्या बारा झाडं योगायोगाने रिकामी निघावीत याची शक्यता पाच लाखांत एक, असं तिने कागदावर मांडलं, आणि तिचे डोळे लकाकले. म्हणजे योगायोग नव्हे. म्हणजे मोडलेलं जनुक आपणहून सांधलं गेलं. फुलाने स्वतःला दुरुस्त केलं.

तेव्हापासून ती उडतच होती. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तिने नव्याने लिहायला घेतलं. विभागप्रमुख मॅडमनी भुवया वर केल्या, पण आकडे पाहून खाली घेतल्या, आणि गुरुवारच्या सभेत सगळ्यांपुढे मांड म्हणून सांगितलं. भिरभिरीने वडिलांना फोन केला तो वाढखोलीच्या दारातच उभं राहून. बाबा, मला काहीतरी सापडलंय, असं ती म्हणाली, आणि पलीकडचा माणूस काय बोलला कोण जाणे, ती नाक पुसत हसायला लागली. धाकटी त्या वेळी ट्रेला पाणी घालत होती. ट्रे भरून पाणी जमिनीवर सांडेपर्यंत ती घालतच राहिली.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अक्का काठी टेकत खिडकीपर्यंत आली होती आणि त्याचा मोठा तोरा मिरवत होती. तिने धाकटीचं तोंड पाहिलं. विचारलं काही नाही. अक्काची रीत अशी की ती विचारायची नाही, नुसती बसून राहायची, समोरच्यालाच ते जड व्हायचं. धाकटीने जेवता जेवता सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की कामात एक चूक झाली होती, आणि आता तिच्यावर दुसरं कुणीतरी इमला चढवतंय.

अक्काने चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. तिने थोडा वेळ ताटाकडे बघितलं.

"कधी झाली चूक?"

"तुझं हाड मोडलं तेव्हा."

"असं होय. म्हणजे माझ्यावर ढकलायची सोय आहे."

"तसं नाही म्हणत मी, अक्का."

"म्हण की. माझं काय जातंय, मी पडलेलीच आहे." मग ती म्हणाली, "धाकटे, मापात चूक झाली तर कापड उसवता येतं. पण गिऱ्हाईक ते घालून लग्नाला गेल्यावर नाही येत. कधी जाणार आहे तुझं गिऱ्हाईक?"

"गुरुवारी."

"मग उद्या बुधवार आहे," अक्का म्हणाली, आणि ताट सरकवून काठी शोधू लागली.

बुधवारी दुपारी भिरभिरी मोजणीच्या खोलीत आली, बगलेत लॅपटॉप, दातांत पेन. तक्ता करायचा होता. मावशी, तुम्ही रजिस्टरातून वाचा, मी भरते, म्हणजे चूक व्हायला नको, असं तिने सांगितलं. धाकटीने चष्मा पुसला. रजिस्टर उघडलं. तिचंच अक्षर, गोल गोल, एकतीस वर्षांत न बदललेलं.

पुडी एक, रोपं शहाण्णव, दुहेरी शून्य. पुडी दोन, रोपं शहाण्णव, दुहेरी शून्य. भिरभिरीची बोटं टपटप चालत होती. पुडी तीन. पुडी चार. खिडकीबाहेर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे, जागा पुरत नव्हती. पुडी पाच. पुडी सहा. धाकटीला वाटलं, आणखी सहाच तर आहेत. वाचून टाकावं आणि घरी जाऊन पडावं. आयुष्यात कधी इतकं दमायला झालं नव्हतं. एखाद्या कामाने माणूस दमतं, पण न बोलण्याने असं दमतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"सात?" भिरभिरीने विचारलं.

"सातवी पहिलीच आहे."

"म्हणजे?"

"सातवी, आठवी, बारावी, सगळ्या पहिल्याच आहेत. बारा झाडं नव्हतीच गं. एकच होतं. त्याचंच बी मी बारा पुड्यांत घातलं."

भिरभिरीची बोटं तशीच राहिली. मग तिने रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतलं आणि पान बघितलं, जणू तिथे काहीतरी वेगळं लिहिलेलं असेल.

"प्रत्येक पुडीवर झाडाचा नंबर वेगळा आहे."

"तो मीच घातला."

"पाच लाखांत एक नाही मग," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तिघांत एक. कुणाच्याही नशिबी येईल असं."

धाकटीने अक्काचं सांगितलं नाही. दवाखाना, सही, वाफेची भट्टी, सगळं जिभेच्या टोकावर होतं, पण सांगितलं असतं तर तिच्याऐवजी पोरीलाच तिची समजूत काढायला लागली असती. भिरभिरीने लॅपटॉप मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

"मी बाबांना सांगून बसले, मावशी," ती म्हणाली आणि उठून गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकू आली. एकेक, सावकाश. इतकी वर्षं तो जिना तसा कधी कुणी ऐकला नव्हता.

मॅडमकडे धाकटी स्वतःच गेली. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, गुरुवारची सभा रद्द केल्याचं समोरच लिहून पाठवलं, आणि मग हाताच्या बोटांनी डोळे दाबले. सरांचं वाण, त्या म्हणाल्या, बावीस वर्षांचं. हे दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत नाही, मागवताही येणार नाही. तुमचं काय करायचं ते पुढे बघू. आधी सांगा, कुठे काही उरलं आहे का, एखादी पुडी, एखादं सुकलेलं रोप, कुठेही. धाकटी नाही म्हणणार होती. मग तिला टेबलांखालची खडी आठवली.

वाढखोलीत पाणी निथळावं म्हणून टेबलांखाली खडी पसरलेली असे. शेंगा तडकल्या की बी खाली उडे, आणि खडीत आपापली रोपं उगवत. त्यांना कुणी पेरलेलं नसे, लेबल नसे. दर पंधरा दिवसांनी गुडघे टेकून ती उपटायची, हेही धाकटीचंच काम. पण अक्का पडल्यापासून गुडघे टेकायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. सात महिन्यांत तिने टेबलांखाली हात घातला नव्हता. रोज बघे, उद्या म्हणे, दिवा बंद करून घरी जाई. म्हणजे तिथे पिढ्या झाल्या असणार, तीनचार तरी, पडत, उगवत, पुन्हा पडत.

गुरुवारी, ज्या वेळी सभा व्हायची होती त्या वेळी, धाकटी वाढखोलीत शिरली. एका हातात विजेरी, दुसऱ्यात भिंग. टेबलांखाली हिरवं दाट माजलं होतं. पानांवर पानं, काडीत काडी अडकलेली. इमारतीतलं प्रत्येक वाण इथे मिसळलेलं. कुणी पानांवर काम करत होतं, कुणी मुळांवर. दुहेरी फुलाचं वाण मात्र सरांचं एकच. तेव्हा दुहेरी फूल दिसलं, तर ते सरांचंच. ती पहिल्या टेबलाखाली सरकली. फुलं साधी. दुसऱ्याखालीही साधीच. पाठ धरली, चष्म्यावर पाणी ठिबकलं, ते पुसताना भिंग खडीत पडलं आणि चाचपून शोधावं लागलं. दुपार कलली तेव्हा ती तिसऱ्या टेबलाखाली, मोरीच्या तोंडाशी होती.

मागे दार वाजलं. भिरभिरीच्या चपला तिच्या ओळखीच्या होत्या. त्या जवळ आल्या आणि टेबलापाशी थांबल्या.

"मॅडम म्हणाल्या तुम्ही इथे आहात."

"हो."

"किती झालं बघून?"

"अडीच टेबलं."

चपला तिथेच होत्या. धाकटीने विजेरी मोरीच्या कठड्याकडे फिरवली, आणि तिथे, कोळ्याच्या जाळ्यात गुरफटलेल्या एका खुरट्या काडीच्या टोकाला, तिला कापसाच्या बोंडासारखा एक पांढरा ठिपका दिसला. तिने भिंग लावलं. पाकळ्या. आत पाकळ्या. त्यांच्याही आत.

तिने भिंग मागे धरलं. भिरभिरी गुडघ्यांवर आली, मग पोटावर, नव्या सदऱ्यासकट, जो तिने बहुधा सभेसाठी घेतला होता, आणि बराच वेळ बघत राहिली.

"याला बी नाही," शेवटी ती म्हणाली.

"याला नाही. पण याची आई इथेच कुठेतरी पडून उगवली होती, आणि वाण तिच्या पोटात होतं. आजूबाजूची साधी आहेत ना, त्यांतली काही याची भावंडं असणार. भावंडांतल्या तिघांतल्या दोघांच्या पोटात असेल."

"किती आहेत आजूबाजूला?"

धाकटीने विजेरी गोल फिरवली. ओठ हलले. "सव्वीस. हाताच्या अंतरात."

भिरभिरी मागे सरकून बसली. कोपरांना खडीचे व्रण उठले होते. ती धाकटीकडे बघत नव्हती, रोपांकडे बघत होती.

"सव्वीस कुंड्या," ती म्हणाली. "प्रत्येकाचं पान तपासायला मी तोडणार. नंबर मी घालणार. शेंगा पिकल्या की बी मी झाडणार, आणि पुड्या मी बांधणार. तुम्ही नाही."

"बरं."

"तुम्ही फक्त मुळासकट उचलायची. ते मला जमणार नाही, तुटतील माझ्याकडून."

"बरं," धाकटी पुन्हा म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही; एकतीस वर्षांचं काहीतरी आत्ता, या खडीवर, हातातून गेलं होतं, आणि ते परत येणार नव्हतं. तरी पुड्यांचं ओझं दुसऱ्या कुणीतरी घेतलं म्हणून खांदे जरासे खाली आले, हेही खरं.

तिने उठायचा प्रयत्न केला. गुडघा वळेना. टेबलाचा पाय धरून ती अर्धी वर आली आणि पुन्हा खाली बसली. भिरभिरीने ते पाहिलं. हात पुढे केला नाही. मग कोपऱ्यातली रिकामी बादली पायाने ढकलत आणली, पालथी घातली आणि तिच्याजवळ सरकवली.

"बसून करा," ती म्हणाली, आणि कुंड्या आणायला गेली.

धाकटी बादलीवर बसली. खाली वाकून तिने पहिल्या रोपाच्या बुडाशी बोट घातलं आणि खडी एकेक बाजूला करू लागली. मूळ कुठे जातंय ते दिसायला वेळ लागत होता. पंखे घुमत होते. चार वाजले तेव्हा नऊ रोपं उचलून झाली होती.